शिडीने दिलेली शर्यत

त्या वर्षी गावात सगळ्यात जास्त खपलेली बातमी अशी होती, की शिडी शेवटची शर्यत हरलीच नाही. तिने ती दिली.

आणि दिली म्हणजे कशी, तर वाढदिवसाला कागदात गुंडाळून, वर फीत बांधून भेट द्यावी तशी. लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे. जे मैदानावर होते त्यांच्यापेक्षा जे नव्हते त्यांनी जरा जास्त स्पष्ट पाहिलं होतं, पण ते असायचंच. शेवटच्या वळणावर शिडीने मान वळवली, मागून येणाऱ्या पोरीकडे बघितलं, आणि दार उघडून पाहुण्याला आत घ्यावं तशी ती बाजूला झाली. पोरगी आतल्या बाजूने पुढे सटकली आणि देशाची विजेती झाली. वर शर्यत संपल्यावर शिडीने त्या पोरीचा हात धरला, तो अख्ख्या मैदानाची फेरी होईपर्यंत सोडला नाही. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

का दिली, याबद्दल मात्र एकमत नव्हतं. न्हाव्याच्या खुर्चीवर बसलेल्यांचं म्हणणं, पोरीच्या मामाशी हिचं जमलंय. (पोरीला मामा नव्हता.) औषधाच्या दुकानात वेगळंच. तिथे हळू आवाजात सांगत, की डॉक्टरांनी हिला मुदत दिलीय, म्हणून बाई जाता जाता पुण्य करून गेली. (शिडी तेव्हा दोन माणसांचं जेवत होती आणि वर गोड काय आहे म्हणून विचारत होती.) पण बहुतेकांना पटलेलं कारण एकच: मोठं मन. काय ते मन! एवढं मोठं मन आपल्या गावात आहे, याचा लोकांना इतका आनंद झाला, की त्या बातमीने एका पोरीचं वाटोळं होत आलंय हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

शिडी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त कचेरीच्या हजेरीत उरलंय. बाराव्या वर्षीच ती अशी काही वाढली, की शेजारच्या बायका माळ्यावरचे डबे काढायला तिलाच बोलावू लागल्या. "शिडीला पाठवा हो जरा!" असा निरोप यायचा. ही जायची, नुसता हात वर करायची, डबा खाली ठेवायची, आणि बदल्यात मिळालेलं बिस्किट घराच्या पायरीशी पोचेपर्यंत संपवून टाकायची. घरात एक थोरली बहीण आहे, तिला अर्धं द्यावं, असं काही तिला कधी सुचलं नाही. थोरली हे विसरली नाही. तुम्हीही विसरू नका.

थोरली शिडीच्या खांद्यालाही लागत नसे, पण जिभेने तिच्यापेक्षा हातभर लांब. आई-वडील लवकर गेले, तेव्हा तिने खालच्या खोलीत शिवणाचं मशीन मांडलं आणि वरच्या दोन खोल्यांत धाकटीला वाढवलं. दुकान चांगलं चाललं. बायका माप द्यायला यायच्या आणि बातम्या देऊन जायच्या, किंवा बातम्या न्यायला यायच्या आणि नाइलाजाने माप देऊन जायच्या. दातांत टाचण्या धरून बोलायची थोरलीला इतकी सवय झाली होती, की टाचण्या नसल्या तरच तिचं बोलणं नीट कळत नसे.

शाळेत खेळ शिकवायला शिट्टीमास्तर होते. त्यांच्या गळ्यातली शिट्टी उतरलेली कोणी पाहिली नव्हती. स्वतःच्या लग्नातही ते शिट्टी घालून उभे होते, असं थोरली छातीठोक सांगायची. ती त्या लग्नाला गेली नव्हती. तर या मास्तरांनी शिडीची उंची पाहिली आणि हरखून गेले. तिला धावायला लावलं, ती तिसरी आली. उंच उडी मारायला लावली, दुसरी. गोळा फेकायला दिला, पुन्हा तिसरी. वर्षभर असंच. शेवटी शाळेचा संघ निघाला तेव्हा प्रत्येक खेळाला एकच मुलगी न्यायची होती, आणि शिडीला घ्यायला एकही खेळ नव्हता. ती शर्यतीचे अडथळे ठेवायच्या खोलीमागे जाऊन रडत बसली.

मास्तर तिथे आले. "रडतेस कशाला?"

"मी कशातच पहिली नाही, सर."

"नाहीसच. पण शेवटची तरी कशात आहेस? इतरांना एक काहीतरी येतं आणि बाकीचं बघवत नाही. तुला सगळं बरं येतं. मूर्ख मुली, तुझ्यासाठी वेगळाच खेळ आहे."

तो खेळ म्हणजे हेप्टॅथलॉन. दोन दिवसांत सात प्रकार. पहिल्या दिवशी अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक, दोनशे मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक, आणि सगळ्यात शेवटी, अंगात काही शिल्लक नसताना, आठशे मीटर. प्रत्येक प्रकाराचे गुण, आणि जिची बेरीज मोठी ती विजेती. थोरलीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"म्हणजे सातही ठिकाणी हरायचं आणि तरी जिंकायचं?"

"अगदी तसंच," मास्तर म्हणाले.

"हे आमच्या शिडीला जमेल."

जमलं. पण कसं जमलं ते बघायला हवं होतं. सात खेळ म्हणजे सात सासवा. एकीचं करायला जावं तर दुसरी फुगून बसते. गोळा लांब जावा म्हणून अंगात जोर भरावा, तर उंच उडी रुसते. आठशे मीटरसाठी दम वाढवावा, तर अडथळ्यांमधली चपळाई जाते. शिडी प्रत्येकीची थोडी थोडी मर्जी राखत राहिली. गोळा घरी आणला की थोरली तो कापड दाबून ठेवायला वापरायची, आणि सरावाच्या वेळी, "थांब गं, एवढी बाही कापू दे" म्हणून अडवून धरायची. भाल्याची तर वेगळीच तऱ्हा. तो बसमधून न्यायचा म्हणजे रोजचं भांडण.

"बाई, हे टोकदार काय आहे?"

"भाला."

"तो कशाला?"

"फेकायला."

"इथे नका फेकू म्हणजे झालं," म्हणून कंडक्टर तिला मागच्या दारात उभी करायचा. पुढे तिचा फोटो पेपरात आला, तेव्हा तोच कंडक्टर इतर प्रवाशांना सांगू लागला, की बाईंना भाला धरायला मीच शिकवलं.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला नोकरी लागली, ती पाण्याचे मीटर दुरुस्त करायच्या खोलीत. लांबलचक टेबल, टेबलावर गावभरातून उतरवून आणलेले बंद पडलेले मीटर, कडेला पाण्याची टाकी. मीटर उघडायचा, आतलं चक्र काढायचं, त्यात अडकलेली रेती ब्रशने झाडायची, काच पुसून पुन्हा बसवायची, आणि टाकीच्या नळाला लावून फिरतोय का बघायचं. पितळेने बोटं हिरवट व्हायची. दिवसभर हे, आणि सकाळ-संध्याकाळ मैदान. तिच्या लग्नाचा विषय निघाला की लोक म्हणत, तिच्या उंचीचा मुलगा मिळत नाही. मुलगे दोन-तीन आले होते. पण भेटायला ते शनिवार-रविवारी यायचे, आणि शनिवार-रविवारी ही कुठेतरी पायाला चिकटपट्टी बांधत असायची.

तेविसाव्या वर्षी ती देशात पहिली आली आणि मग नऊ वर्षं तिथून हललीच नाही. नवीन मुली यायच्या, कोणी तिच्यापेक्षा वेगाने धावायची, कोणी उंच उडायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेरीज लागली की शिडी वर. पेपरवाले लिहायचे, शांत, नम्र, हसतमुख. थोरली तो पेपर वाचून मशीनवर डोकं टेकून हसायची. "नम्र! ही! सापशिडीत हरली की सोंगट्या गच्चीवरून फेकायची ही."

आता या खेळातल्या बायकांच्या दोन रीती सांगायला हव्यात, कारण त्यांच्यावाचून पुढचं कळायचं नाही. एका प्रकारानंतर दुसरा सुरू व्हायला तास-दोन तास लागतात. तोवर सगळ्या जणी एकाच सावलीत पाय भिंतीला टेकवून पडलेल्या असतात. एकमेकींचं पाणी, पिना, मलम वापरतात. तेव्हा वैर करायचं म्हटलं तरी जमत नाही. लांब उडीच्या वेळी तर एक चमत्कारिकच प्रकार. धावत येऊन फळीवरून उडी घ्यायची असते आणि पाय फळीच्या पुढे पडला तर उडी बाद. धावणारीला स्वतःचं पाऊल दिसत नाही. म्हणून बाजूला उभी असलेली बाई ते बघून सांगते, "दोन बोटं पुढे पडतंय, खूण मागे घे." आणि बाजूला उभी असलेली बाई म्हणजे कोण? प्रतिस्पर्धीच. तरी ती खरं सांगते. खोटं सांगितलेलं अजून कोणी ऐकलेलं नाही.

दुसरी रीत अशी, की आठशे मीटर झाले की पहिलीपासून शेवटचीपर्यंत सगळ्या हातात हात घालून मैदानाला एक फेरी मारतात आणि लोकांना वाकून नमस्कार करतात. दोन दिवस एकत्र मेल्यावर एवढं तर हवंच.

दहाव्या वर्षी गोटी आली. हे नाव शिट्टीमास्तरांनी ठेवलेलं. मास्तर आता म्हातारे झाले होते पण नावं ठेवायची हौस गेली नव्हती. पोरगी बुटकी, गोल, टणक, आणि टिचकी मारल्यासारखी सुटायची. दुसऱ्या गावची होती, एकोणीस वर्षांची. शिडीने तिला पहिल्यांदा उंच उडीच्या काठीखाली उभं पाहिलं, तेव्हा तिला हसू आलं. गोटी काठीवरून गेली, तेव्हा हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी लांब उडी होती. प्रत्येकीला तीन संधी. तिन्ही बाद झाल्या तर त्या प्रकाराचे गुण शून्य, म्हणजे सगळी स्पर्धाच धुऊन गेली. गोटीच्या दोन बाद झाल्या. ती रडकुंडीला येऊन इकडेतिकडे बघू लागली. बाजूला शिडीच उभी होती.

"शिडीताई, किती पुढे पडतंय हो?"

शिडीने बघितलं होतं. गप्प बसली असती तर स्पर्धा तिथेच संपली होती, आणि गप्प बसण्याबद्दल कोणी तिला काही म्हणालंही नसतं.

"चार बोटं," ती म्हणाली. "खूण मागे घे. आणि शेवटी लांब ढांग टाकतेस ती टाकू नकोस."

गोटीची तिसरी उडी लागली, आणि फार लांब गेली.

भालाफेक झाल्यावर दोघींचे गुण इतके जवळ आले, की आठशे मीटरमध्ये जी पुढे येईल ती विजेती. मग काय झालं ते वर सांगितलंच. शिडी पहिल्यापासून पुढे होती. शेवटच्या वळणावर मान वळली, ती बाहेरच्या बाजूला सरली, गोटी आतून गेली. मग हातात हात, मग फेरी, मग नमस्कार. शिडीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोणीतरी म्हणालं, आनंदाश्रू.

घरी आल्यावर दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. बत्तिसाव्या वर्षी माणूस हरतं, त्यात नवल नाही. पण नऊ वर्षं न हरलेल्या माणसाला ते कोणी सांगितलेलं नसतं. तिसऱ्या दिवशी कचेरीत जावंच लागलं. खाली मान घालून ती टेबलाशी बसली, आणि शेजारचा फिटर, जो नऊ वर्षांत तिच्याशी स्पॅनरपलीकडे बोलला नव्हता, तो उठून उभा राहिला.

"बाई, देवमाणूस आहात तुम्ही."

"काय झालं?"

"सगळं कळलंय आम्हाला. द्यायला काळीज लागतं."

शिडीला आधी कळेना. कळलं तेव्हा तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. आता इथे तिला फार दोष देऊ नका. दोन दिवस दगडावर पडलेल्या माणसाच्या डोक्याखाली कोणी उशी सरकवली, तर तो आधी उशी कोणाची हे विचारत नाही. तिने डोकं टेकलं. महिनाभर टेकून ठेवलं. कचेरीने तिचा सत्कार केला. साहेब म्हणाले, जिंकणारे पुष्कळ असतात, देणारी एखादीच. भिंतीवरचं मोठं घड्याळ भेट दिलं. शिडी खाली बघत राहिली, आणि साहेब माइकवर म्हणाले, "बघा, नम्रता बघा!"

मग एका दुपारी मीटरच्या खोलीच्या दारात गोटी उभी राहिली. हातात कापडी पिशवी. तिने पिशवीतून विजेतीचा करंडक काढला आणि टेबलावर, उघड्या पडलेल्या मीटरांच्या मधे ठेवला.

"शिडीताई, हा तुमचा."

"वेडी का तू? उचल तो."

"आमच्याकडे मुलं मला काय म्हणतात माहितीये? भेटवस्तू. मी सरावाला आले की ओरडतात, आली, आली, भेटवस्तू आली." तिचा आवाज फाटला, पण रडली नाही. "परदेशी जाणाऱ्या संघात माझं नाव लागलंय. सोमवारपासून शिबिर आहे. मी येत नाही म्हणून कळवणार आहे. जी खरी पहिली तिने जावं."

"अगं, मी धावले! सगळा जीव लावून धावले."

"असंच म्हणणार तुम्ही. मोठी माणसं असंच म्हणतात."

"मी मोठी नाही गं, नुसती उंच आहे!"

शेजारच्या फिटरने हातातला ब्रश खाली ठेवून डोळे पुसले. "वा! अजूनही कबूल करत नाहीत बघा. काय मन आहे!"

"तुम्ही गप्प बसा हो!" शिडी त्याच्यावर खेकसली. त्याचे डोळे आणखीच भरून आले.

गोटी करंडक तिथेच ठेवून निघून गेली. शिडी त्या संध्याकाळी मैदानावर गेली नाही. घरी आली तेव्हा थोरली एका बाहीला अस्तर लावत होती.

"ताई, ही बातमी कुठून निघाली?"

"कुठली?"

"टाचण्या काढ तोंडातल्या आणि बोल."

थोरलीने एकेक करून टाचण्या काढल्या. जरा जास्तच वेळ लावला. "मी एकच वाक्य बोलले. एक! ती हेडमास्तरांची बायको मापाला आली होती. म्हणते कशी, तुमची बहीण आता म्हातारी झाली हो. माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीवर बसून! मी म्हटलं, म्हातारी कसली, दिलीय तिने. बास. पुढचं सगळं लोकांनी शिवलं."

"तू मैदानावर होतीस ना? तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग?"

"बघितलं म्हणूनच तर," थोरली म्हणाली आणि अस्तर उलटंच लावू लागली. मग तिने मान वर केली. "आणि मला विचारायला आलीस, पण ते घड्याळ घेतेवेळी तुझ्या तोंडात टाचण्या होत्या का?"

भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं. थोरलीने ते मुद्दाम दुकानात लावलं होतं, गिऱ्हाइकांना दिसेल असं.

जिंकल्याचं सिद्ध करायला काय लागतं हे तिला ठाऊक होतं. हरल्याचं सिद्ध कसं करायचं, हे मात्र नऊ वर्षांत तिला कोणी शिकवलं नव्हतं. आणि जितकं नाही म्हणावं तितकी ती लोकांच्या नजरेत मोठी होत होती. शेवटी ती शिट्टीमास्तरांकडे गेली. मास्तर म्हणाले, "बोलून तुला कधी काही आलंय का? पळून दाखव."

रविवारी सकाळी मैदानावर चौघं जमली. गोटीला मास्तरांनी निरोप धाडून बोलावलं होतं. ती आली, पण दुसऱ्या दिवशीचं शिबिर सोडल्यासारखी साध्या चपला घालून. बूट मास्तरांनीच दिले. थोरली करंडकाची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. मास्तरांनी शिट्टी वाजवली.

दोन फेऱ्या. पहिल्या फेरीला शिडी पुढे. दुसऱ्या फेरीतही पुढे. तिचा श्वास पायरीपर्यंत ऐकू येत होता, करवत चालवल्यासारखा. मग शेवटचं वळण आलं, आणि तिथे, अगदी त्याच जागी, मागच्या पावलांचा आवाज जवळ आला तशी तिची मान वळली, पाय फाकले, आणि ती भेलकांडत बाहेर सरली. वळणावर अंगातला जोर संपला की पाय आतल्या रेषेला धरून राहत नाहीत. गाडीचं चाक सैल झालं की ती रस्त्याच्या कडेला जाते, तसं. गोटी आतून गेली आणि कितीतरी आधी पोचली. शिडी रेषा ओलांडून गुडघ्यांवर पडली आणि गवतात ओकली.

गोटी धावत आली. खाली वाकली. आणि म्हणाली, "बघा, पुन्हा दिलीत!"

तेव्हा मात्र शिडीचं टाळकं सरकलं.

"दिली? मी? तुला?" ती गुडघ्यांवरून उठायचा प्रयत्न करत ओरडली. "टिंगू कुठली! अगं, तुझी पावलं मागे वाजायला लागली तेव्हा मी मनात म्हणत होते, पड, पड, मेले, पड! भीतीने मान वळली माझी! आणि तो हात धरला म्हणून कौतुक करतात ना? उभं राहता येत नव्हतं मला! तुझ्या जागी खांब असता तर खांब धरला असता!"

गोटी दोन पावलं मागे सरकली. "पण मग लांब उडीला पाऊल का सांगितलंत?"

"ती रीत आहे. आणि तुला शून्य मिळून मी जिंकले असते, तर मी कोणाला हरवलं असतं? तुला ठेवलं ती हरवायला ठेवली होती! नीट, धावून, सगळ्यांच्या समोर हरवायला!" तिचा आवाज एकदम खाली आला. "नाही जमलं."

पायरीवरून थोरली उठली, करंडक घेऊन आली.

"पोरी, मी हिला जन्मापासून ओळखते. हिने मला कधी अर्धं बिस्किट दिलं नाही. अर्धं! ही तुला देशाचं विजेतेपद देईल?" आणि तिने करंडक शिडीच्या हातात ठेवला. "दे आता तिचा तिला. स्वतःच्या हाताने दे."

शिडीने करंडक पुढे केला. गोटीने दुसरी कडी धरली आणि ओढला. करंडक हलला नाही. तिने पुन्हा ओढला. शिडीची पितळेने हिरवी झालेली बोटं कडीभोवती पक्की आवळलेली होती, आणि ती स्वतःच त्या बोटांकडे नवल करत बघत होती.

"शिडे, सोड की!" थोरली ओरडली. "अंगठा मोडेल तिचा!"

"सोडतेच आहे ना!"

"कुठे सोडतेयस?"

गोटीने त्या बोटांकडे बघितलं, मग वर, त्या लाल, घामेजलेल्या, अजिबात मोठं मन नसलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिला हसू फुटलं. पहिल्यांदाच. मग तिने पाय रोवले, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि करंडक खेचून घेतला. तिच्या हक्काचा होता तो.

सोमवारी ती शिबिराला गेली. थोरलीला शिक्षा म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं सांगावं लागलं. तिने टाचण्या काढून, स्पष्ट, एकेकीला सांगितलं. बहुतेकींनी मान डोलावली आणि बाहेर जाऊन म्हटलं, बहीणही काय मनाची, बघा! घड्याळ शिडीने साहेबांना परत नेऊन दिलं. त्यांनी ते कचेरीत लावलं आणि खाली तिच्या निःस्वार्थीपणाबद्दल दोन ओळी लिहवून घेतल्या. न्हाव्याच्या दुकानात तर अजून ती गोष्ट चालते, आणि आता त्या मामाला मिशाही आल्या आहेत.

शिडी पुढे कधी स्पर्धेत उतरली नाही. मीटर अजून दुरुस्त करते. रविवारी मैदानावर लांब उडीच्या फळीजवळ उभी राहते आणि पोरींना पाऊल सांगते.

आणि खरं विचाराल तर एवढंच आहे. तिने शर्यत दिली नाही. ती होती नव्हती ती सगळी ताकद लावून धावली, आणि गोटी तिच्यापेक्षा जोरात धावली.